चक्रीवरचा आळ

"टोपणावर नाही गं, नळीवर लिही. टोपण इकडचं तिकडे जातं. नळी कुठे जात नाही."

हा मोठ्या डॉक्टरीणबाईंचा आवाज. बारीक, पण ठाम. आज मी ज्या अडगळीच्या खोलीत पडून आहे, तिथे त्या कधी आल्या नाहीत. तरी सकाळ झाली की तो आवाज माझ्या पत्र्यात घुमतो आणि मला सगळे पहिल्यापासून आठवू लागते.

मित्रांनो, मी एक जुनी चक्री आहे. रक्त फिरवणारी चक्री. कागदोपत्री माझे नाव 'सेंट्रिफ्यूज' असे भारदस्त आहे, पण त्या नावाने मला कधी कुणी हाक मारली नाही. दिसायला मी एखाद्या मोठ्या डब्यासारखी. वर झाकण, झाकणात एक गोल काच, पुढे दोन बटणे आणि वेळ लावायचा काटा. माझ्या पोटात एक चाक आहे आणि त्या चाकाला आठ तिरकी घरे आहेत. घरांत नळ्या ठेवायच्या, झाकण लावायचे, बटण दाबायचे, की मी फिरू लागते. इतकी जोरात, की आठ घरांचा मिळून एकच करडा गोल दिसतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे शेवटच्या टेबलावर एक म्हातारे फिटरबाबा बसत. तयार झालेले प्रत्येक यंत्र त्यांच्यापुढे यायचे. ते माझ्या झाकणावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवत आणि मला सुरू करीत. पेल्यातले पाणी हलले, की मला पुन्हा उघडत. असे त्यांनी तीनदा केले. चौथ्या वेळी पाण्यावर तरंगसुद्धा उठला नाही. तेव्हा त्यांनी तेच पाणी पिऊन टाकले आणि माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "जा बाई आता. तोल सांभाळ, म्हणजे झालं."

तोल सांभाळणे हेच माझे व्रत झाले. तुम्ही ते समजून घ्या, कारण माझी सारी गोष्ट त्यावरच उभी आहे. माझ्या एका घरात रक्ताची नळी ठेवली, तर बरोबर समोरच्या घरात तेवढ्याच वजनाची दुसरी नळी ठेवावी लागते. नाहीतर मी थरथरते, टेबलावरून सरकते, कधी आतली नळी तडकतेही. म्हणून समोर पाण्याची नळी ठेवायची. ती कुणाच्या कामाची नसते. तिचे काम एवढेच, की समोरच्याचा भार आपण पेलायचा आणि गप्प फिरायचे.

ज्या दवाखान्यात मी आले तो पहिल्या मजल्यावर होता. खाली चष्म्यांचे दुकान, वर तीन खोल्या आणि मागे ही अडगळीची. बाहेरच्या खोलीत बाकडी, मधल्या खोलीत डॉक्टरीणबाई, आणि आतल्या खोलीत खिडकीपाशी मी. हा त्वचेचा दवाखाना होता. इथे फार करून कोड असलेली माणसे येत. कोड म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असेल. आपल्या त्वचेला रंग देणाऱ्या पेशी असतात. कुठे कुठे त्या नाहीशा होतात आणि तिथे पांढरा डाग उमटतो. दुखत नाही, खुपत नाही. खुपते ते लोकांचे बघणे.

मला पुसायचे, लावायचे, सांभाळायचे काम सिस्टरताईंकडे होते. उंच, सावकाश चालणाऱ्या, हळू बोलणाऱ्या. सकाळी आल्या की पर्स खुंटीला लावायच्या आणि हात धुवायच्या. मग मऊ फडक्याने माझे पोट आतून पुसायच्या, आठही घरे एकेक करून. मग मला एकदा रिकामीच फिरवायच्या आणि डोळे मिटून माझा आवाज ऐकायच्या. हा त्यांचा नेम होता. ताप असला तरी मोडला नाही. त्यांचे डोळे मिटलेले असत आणि मी फिरत असे. कुणी बाहेरून पाहिले असते तर त्याला वाटले असते, की दोघी मिळून प्रार्थना करताहेत.

एके दिवशी आतल्या खोलीत एक अकरा वर्षांची मुलगी आली. आली म्हणजे काय, शिरली. आधी वजनकाट्यावर चढली, मग फिरत्या स्टुलावर बसून तीन गिरक्या घेतल्या, मग माझ्या काचेला नाक लावून आत डोकावली.

"अगं, एका जागी बस की जरा!" मागून तिची मावशी ओरडली. मावशी कपडे शिवायची. गळ्यात मोजपट्टी तशीच लटकत होती.

डॉक्टरीणबाई हसल्या. "असू द्या हो. ही तर भिंगरीच आहे." तेव्हापासून त्या मुलीला दवाखान्यात भिंगरी हेच नाव पडले. मला मनातून बरे वाटले. ही भिंगरी, मी चक्री. दोघींची जात एकच.

भिंगरीने कपाळावरचे केस पुढे घेऊन उजवा डोळा झाकला होता. डॉक्टरीणबाईंनी ते केस हलकेच बाजूला केले. डोळ्याभोवती, पापणीपासून गालापर्यंत, पांढरा डाग होता.

"शाळेत माझ्या बाकावर आता कुणी बसत नाही," भिंगरी म्हणाली. सहज सांगावे तसे म्हणाली, पण पायाने स्टूल जोरजोरात हलवत होती. "म्हणतात, लागेल."

"लागत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शिवून लागत नाही, एका बाटलीतलं पाणी पिऊन लागत नाही. हे मी तुला लिहून देते, शाळेतल्या बाईंना दाखव."

"आणि जाईल का?"

"ते मात्र लिहून नाही देता येणार. औषधं झाली, प्रकाशाचा उपचार चालू आहे, तो चालूच ठेवायचा. जोडीला आपण आता तुझ्याच रक्तातलं थोडं औषध करून बघू. काहींना फरक पडतो, काहींना नाही पडत. थोडा पडेल, वेळ लागेल. हमखास कुणी सांगितलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस."

मावशीला हे काही पटेना. "अहो डॉक्टरीणबाई, हिचंच रक्त काढायचं, हिलाच टोचायचं. मग मधे ह्या डब्यात घालून गरागरा फिरवायचं कशाला? रक्ताला भोवळ नाही येत?"

"येते ना. भोवळ आली की जड असतं ते खाली बसतं. लाल भाग खाली, पिवळा पाण्यासारखा भाग वर. तो पिवळा भाग काढायचा, पुन्हा फिरवायचा. त्यात प्लेटलेट नावाचे अगदी बारीक कण असतात. आपल्याला खरचटलं की जखम भरायला तेच आधी धावतात. ते गोळा करायचे आणि बारीक सुईने डागात सोडायचे. झोपलेल्यांना हलवून उठवावं, तसं काहीतरी."

"मग आमच्या ह्यांनासुद्धा टोचा थोडं," मावशी म्हणाली. "रविवारी दहा वाजले तरी उठत नाहीत." सिस्टरताईंना हसू आवरेना. हातातली कापसाची गुंडाळी खाली पडली.

पण सुई दिसली आणि भिंगरीने दोन्ही हात पाठीमागे नेले. "तुम्ही मोठी माणसं खोटं बोलता. मुंगी चावल्यासारखं होईल म्हणता, आणि मुंगी काही तशी चावत नाही."

सिस्टरताई तिच्यासमोर खाली बसल्या. "मुंगीसारखं नाहीच होणार. दुखेल."

"किती?"

"बोट दारात सापडतं ना, त्याच्या निम्मं. दहा आकडे मोजेपर्यंत."

भिंगरीने थोडा वेळ त्यांच्याकडे निरखून पाहिले. मग एक हात पुढे केला, पण दुसरा मागेच ठेवला. "मग एक वचन द्या. माझ्या रक्ताचं तुम्ही जे काय कराल ना, ते मला खरं खरं सांगायचं. वाईट झालं तरी."

"दिलं. वाईट झालं तरी," सिस्टरताई म्हणाल्या.

मित्रांनो, त्या वचनाला मीही साक्षीदार होते.

भिंगरीने डोळे घट्ट मिटले आणि दहापर्यंत मोजले. आठ आणि नऊच्या मधे ती बराच वेळ थांबली. सिस्टरताईंनी नळीवर तिचे नाव लिहिले, नळीवर, टोपणावर नव्हे, आणि ती नळी माझ्या एका घरात ठेवली. समोर पाण्याची नळी. झाकण लागले. मी फिरू लागले. त्या दिवशी मी जीव ओतून फिरले.

त्यानंतर भिंगरी ठरलेल्या दिवशी येत राहिली. दर खेपेला कागदावर आपल्या चेहऱ्याचे चित्र काढून आणायची. ती त्याला नकाशा म्हणायची. डाग म्हणजे तळे. पहिल्या नकाशात तळे कोरे होते, दुसऱ्यातही कोरेच. तिसऱ्या खेपेला ती जिन्यावरूनच ओरडत आली. "सिस्टरताई, बेटं! माझ्या तळ्यात बेटं आलीत!"

डॉक्टरीणबाईंनी भिंग धरून पाहिले. पांढऱ्या डागात, बारीक लवेच्या मुळाशी, तिळाएवढे तपकिरी ठिपके उमटले होते. भिंगरीने आरशात बघून ते मोजले होते. सात. नकाशावर सातही ठिपके पेन्सिलीने काढले होते आणि प्रत्येकाला नाव दिले होते. त्यातल्या सगळ्यात मोठ्या बेटाचे नाव होते चक्री.

"ह्या मेल्या डब्याचं नाव?" मावशी म्हणाली. "आणि मी इतक्या लांबून घेऊन येते, माझं नाव एकाला तरी?"

"आहे की. हे बघ, हे वाकडं."

तो नकाशा सिस्टरताईंनी माझ्या वरच्या भिंतीला चिकटवला. आणि त्या दिवशी घरी जाताना भिंगरीने कपाळावरचे केस मागे घेऊन पिनेने बसवले. उजवा डोळा उघडा. जिना उतरताना तिची शीळ ऐकू आली. मित्रांनो, यंत्राला फुगता येत नाही, नाहीतर त्या दिवशी माझे झाकण बसले नसते.

सुखाचे दिवस कमी असतात असे नाही, ते मोजायचे राहून जातात. पुढे मोठ्या डॉक्टरीणबाईंचा हात थरथरू लागला. एका सकाळी त्यांनी सुई उचलली, तिच्याकडे पाहिले आणि परत ठेवली. "माझा हात आता हलतो," त्या म्हणाल्या. कुणी विचारायच्या आत म्हणाल्या. पांढरा कोट घडी करून खुर्चीवर ठेवला. जाताना माझ्या झाकणावर दोन बोटे टेकवली आणि सिस्टरताईंना म्हणाल्या, "हिच्याकडे लक्ष ठेव. आणि नावं नळीवर."

त्यांच्या जागी त्यांचा भाचा आला. आम्ही त्याला धाकटे डॉक्टर म्हणू. माणूस वाईट नव्हता. हुशार होता, हसरा होता, आणि सदा घाईत होता. त्याने बाकड्यांच्या जागी गुबगुबीत खुर्च्या आणल्या. प्लेटलेटच्या ह्या उपचाराला पीआरपी म्हणतात. तो करायला आता कोड असलेल्यांपेक्षा केस गळणारी माणसे जास्त येऊ लागली. बाहेरची खोली भरून वाहू लागली. एके दिवशी त्याने आत येऊन माझ्या पोटात डोकावून पाहिले.

"सिस्टर, हे समोर काय ठेवलंय?"

"पाण्याची नळी, डॉक्टर. तोलासाठी."

"एका घरात पाणी फिरवायचं, आणि बाहेर माणसं ताटकळतात? समोर दुसऱ्या पेशंटची नळी ठेवा. वजन सारखंच. एका फेरीत दोघांचं काम होईल."

"बाई म्हणायच्या, एका वेळी एकच माणूस..."

"बाईंचा काळ वेगळा होता, सिस्टर."

पाण्याची नळी कपाटात गेली. मग घाईत आणखी एक गोष्ट सुटली. ओल्या, गुळगुळीत नळीवर पेन चालायला वेळ लागे. टोपणावर पटकन लिहून होई. एकदा टोपणावर लिहिले, काही बिघडले नाही. दुसऱ्यांदा लिहिले, तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा ती रीत झाली. सकाळचा नेमही हळूहळू आटला. आधी डोळे मिटायचे राहिले, मग रिकामी फेरी राहिली, मग फडके फक्त झाकणावरून फिरू लागले. मी काही बोलले नाही. मला बोलता कुठे येते?

आणि मग तो दिवस आला. भिंगरीची पाचवी खेप होती. भिंतीवर जुन्याच्या जागी लावलेल्या नव्या नकाशात आता एकोणीस बेटे झाली होती आणि दोन बेटे एकमेकांना चिकटू लागली होती. शाळेत तिच्या बाकावर एक मुलगी येऊन बसली होती, ही बातमी तिने आल्या आल्या मला काचेतून सांगितली. पण त्या दिवशी तिची शीर सापडेना. डाव्या हाताला दोनदा, उजव्या हाताला एकदा टोचावे लागले. तिसऱ्या वेळी ती दहाच्या पुढे, एकतीसपर्यंत मोजत गेली. रडली नाही. नळी भरली तेव्हा भिंगरी फिकी पडली होती. मावशीने तिला बाहेर नेऊन खुर्चीत बसवले.

समोरच्या घरात केस गळणाऱ्या एका गृहस्थांची नळी होती. दोन्ही टोपणांवर नावे. मी फिरले. तुम्हाला शपथेवर सांगते, मी व्यवस्थित फिरले. थांबले तेव्हा दोन्ही नळ्यांत खाली लाल आणि वर पिवळे, जसे हवे तसे झाले होते. सिस्टरताईंनी नळ्या बाहेर काढल्या आणि स्टँडवर लावल्या. घाई होती, म्हणून दोन्ही टोपणे एकदमच काढून ट्रेमधे ठेवली.

इतक्यात धाकटे डॉक्टर आत आले. "झालं का? बाहेर पाच जण आहेत." हातमोजे घ्यायला त्यांनी ट्रे आपल्याकडे ओढला. टोपणे घरंगळली. आणि त्याच ओढाताणीत धक्का लागून स्टँडही गर्रकन फिरला.

सिस्टरताई तशाच उभ्या राहिल्या. समोर दोन नळ्या. दोन्हींत तेच लाल, तेच पिवळे. आणि दोन नावे ट्रेमधे पडलेली.

"कोणती कुणाची?" डॉक्टरांनी विचारले.

"मला... मला सांगता येणार नाही."

"डावीकडची मुलीची असेल ना?"

"असेल, डॉक्टर. पण असेल म्हणून टोचता येणार नाही. एकाचं दुसऱ्याच्या अंगात जाता कामा नये. मी जाऊ देणार नाही."

सिस्टरताईंना असे ठाम बोलताना मी पहिल्यांदाच ऐकले. डॉक्टर खुर्चीत बसले. त्यांचाही चेहरा उतरला होता. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "टाकून द्या दोन्ही." मग त्यांनी दाराकडे पाहिले. दारापलीकडे मावशी कुणाला तरी सांगत होती, "तीनदा टोचलं हो पोरीला, पण हूं की चूं नाही."

"आता बाहेर काय सांगायचं?" डॉक्टर हळूच म्हणाले. आणि त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "मशीन जुनं आहे ना? नळ्या आत फुटल्या म्हणू."

"पण डॉक्टर, तिने काहीच..."

"सिस्टर, मशीनला कुठे काय वाटतंय?"

मशीन. इतकी वर्षे मी त्या खोलीत चक्री होते. त्या एका क्षणात मी मशीन झाले.

मी सिस्टरताईंकडे पाहत होते. मला वाटले, त्या आता बोलतील. ज्या हातांनी माझी आठही घरे रोज पुसली, ते हात टेबलावर होते. मग त्यांनी दोन्ही नळ्या उचलल्या आणि कचऱ्याच्या लाल डब्यात टाकल्या. टोपणेही टाकली. बोलल्या नाहीत. बाहेर जाऊन डॉक्टरांनीच सांगितले. मित्रांनो, डॉक्टर खोटे बोलले ते मला लागले, पण थोडे. सिस्टरताई गप्प राहिल्या, ते फार लागले. आळ घेणाऱ्याला मी काल-परवा ओळखू लागले होते. गप्प राहणारीला मी जन्मभर ओळखत होते.

थोड्या वेळाने भिंगरी आत आली. भिंतीला धरून चालत होती. दोन्ही हातांवर कापसाचे बोळे चिकटवलेले. आधी ती सिस्टरताईंकडे गेली.

"खरंच फुटली?"

सिस्टरताईंनी मान खाली घातली. ती मान हो म्हणून हलली, की नुसतीच खाली गेली, मला ठाऊक नाही. भिंगरीला ती हो वाटली.

मग ती माझ्यापाशी आली. काचेला नाक लावले नाही. झाकणावर तळहात ठेवला. तो गार होता. "चक्री, तू असं का केलंस गं?" ती म्हणाली. "मी एकतीसपर्यंत मोजलं होतं."

मला त्या वेळी वाचा हवी होती. जन्मात एकदाच, एका वाक्यापुरती. मी केले नाही गं, एवढेच सांगायला. पण माझ्यापाशी फक्त फिरणे होते, आणि बटण तर बंद होते.

जाताना तिने पिन काढली. केस पुन्हा डोळ्यावर आले.

दुसऱ्या आठवड्यात नवे यंत्र आले. पांढरेशुभ्र, आवाज न करणारे. मला दोघांनी उचलून अडगळीच्या खोलीत आणले. खोटे एकदा बोलले, की ते टिकवायला असे हातपाय हलवावे लागतात. इथे एक पाय मोडलेली खुर्ची आहे, ओल्या पोछ्याचा वास आहे, जुन्या फायली आहेत. त्यांतल्या चार फायली माझ्या डोक्यावर आहेत. कापसाची खोकी इथेच असतात, म्हणून सिस्टरताई दिवसातून एकदा येतात. दिवा लावतात, खोके काढतात, दिवा मालवतात. माझ्याकडे पाठ असते. कधी कधी दिवा मालवल्यावरही त्या जरा वेळ दारात उभ्या असतात. मग जातात.

भिंगरी पुन्हा आली नाही. हे मला भिंतीपलीकडच्या बोलण्यातून कळले. तारीख टळली, फोन केला, मावशी म्हणाली, "येत नाही म्हणते. परत फुटली तर, म्हणते. प्रकाशाच्या उपचारालाही जात नाही. सोडून दिलंय सगळं." पुढची तारीखही टळली. मी अंधारात तिची बेटे मोजत असे. एकोणीस. वाढली असतील? की तळ्यात परत बुडाली असतील?

आज सकाळी एक गृहस्थ मला न्यायला आले. जुनी यंत्रे घेऊन दुरुस्त करणारे, हाताला तेलाचा वास असलेले. सिस्टरताई त्यांना दार उघडून द्यायला आल्या होत्या. त्या गृहस्थांनी माझ्या डोक्यावरच्या फायली काढल्या, झाकण उघडले, खिशातला छोटा दिवा आत धरला आणि चाकावरून बोट फिरवले.

"काय बिघाड म्हणालात?"

"आत नळ्या फुटल्या," सिस्टरताई म्हणाल्या. आवाज इतका हळू, की गृहस्थांना पुन्हा विचारावे लागले.

"फुटल्या? ह्याच्यात? नळी फुटली की ताई, तुकडे चाकाखाली जातात. ओरखडे पडतात. हे बघा, एक चरा नाही. कुणीतरी पोरीसारखं जपलंय हिला." मग त्यांनी वायर जोडली आणि इकडेतिकडे पाहिले. पोछ्याच्या बादलीपाशी एक पेला होता. तो नळावर धुतला, काठोकाठ भरला आणि माझ्या झाकणावर ठेवला.

बटण दाबले गेले. इतक्या महिन्यांनी. आधी अंग आखडल्यासारखे झाले. मग फिटरबाबांचे शब्द आठवले आणि मी तोल धरला. मी फिरले. आठ घरांचा एक गोल झाला.

पेल्यातल्या पाण्यावर तरंग उठला नाही.

"हिला बिघडलेली कोण म्हणालं?" ते गृहस्थ हसले. "उगीच बिचारीवर आळ."

सिस्टरताईंनी डोळे मिटले. पूर्वी सकाळी मिटायच्या, तसे. मी थांबेपर्यंत त्यांनी ते उघडले नाहीत. उघडले तेव्हा ओले होते. "मी म्हणाले," त्या म्हणाल्या. "म्हणजे, मी म्हणाले नाही. पण मीच म्हणाले." मग खिशातून रुमाल काढून त्यांनी माझ्या झाकणावरची धूळ पुसली, काच पुसली आणि आत हात घालून आठही घरे पुसली. एकेक करून.

"हिला आज नेऊ नका," त्यांनी त्या गृहस्थांना सांगितले. "हिला भेटायला कदाचित कुणी येईल."

मित्रांनो, माझ्यासारखी पुष्कळ यंत्रे तुमच्या घरात, शाळेत असतील. त्यांना तेलपाणी करा, पुसा, हे तर मी सांगतेच. पण एक मागणे त्याहून मोठे आहे. तुमच्या हातून काही चुकले, तर ते ज्याला तोंड नाही त्याच्या माथी मारू नका. तुम्ही सुटता, आणि कुठेतरी एक मूल आपल्या जिवलगावरचा विश्वास हरवून बसते. मला झाले ते मी सोसले. पण तिचे एकतीस आकडे मला अजून सोसवत नाहीत.

आता भिंतीपलीकडून आवाज येत आहेत.

"आत्ता कुठे निघालात, सिस्टर? दहाला पेशंट आहेत." हे धाकटे डॉक्टर.

"भिंगरीच्या मावशीकडे."

"कशाला? इतक्या दिवसांनी कशाला उकरायचं ते? तिथे जाऊन माझं नाव सांगणार?"

"तुमचं तुम्ही सांगा, डॉक्टर. मी माझं सांगणार आहे. टोपणावर नाव मी लिहिलं होतं." मग अगदी हळू, "तिला मी शब्द दिला होता. वाईट झालं तरी, म्हणून."

खुंटीवरून पर्स काढल्याचा आवाज आला. मग भिंतीवरचा कागद अलगद सुटल्याचा, चिकटपट्टी सोडवतानाचा तो चर्र आवाज. एकोणीस बेटांचा नकाशा घडी न करता त्यांनी फाइलीत ठेवला असावा.

अडगळीच्या खोलीचे दार किंचित उघडले. दिवा लागला नाही.

"चक्री, येते हं," सिस्टरताई म्हणाल्या.

जिन्यावर त्यांची पावले वाजू लागली, सावकाश, एकसारखी. खाली चष्म्यांच्या दुकानाचे शटर नुकतेच वर जात होते. त्या आवाजातही मला ती पावले रस्त्यापर्यंत ऐकू येत राहिली.